प्रोटीन पावडरमधली पाचक एन्झाइम्स: पैलवान आणि खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात पहाटे तालमीत जोर-बैठका आणि संध्याकाळी जिम, असा दिवस असणारी पोरं आता पुष्कळ आहेत. खुराकात दूध, बदाम, अंडी, मटण असतंच, वर प्रोटीनचा डबाही आलाय. त्या डब्यावर ‘पाचक एन्झाइम्सयुक्त’ असं छापलेलं असलं की दोनशे-पाचशे रुपये जास्त मोजायची तयारी होते. पोट फुगलं की वेगळ्या एन्झाइमच्या गोळ्याही घेतल्या जातात. पैसे कुठे सार्थकी लागतात आणि कुठे वाया जातात, हे पुढच्या उत्तरांत सविस्तर दिलंय. ही माहिती निरोगी प्रौढ खेळाडूंसाठी आहे.

डब्यावर लिहिलेली ही एन्झाइम्स नेमकी काय करतात?

एन्झाइम म्हणजे अन्न तोडून पचवायला मदत करणारा पदार्थ. प्रत्येक एन्झाइमचं काम एकाच प्रकारच्या पदार्थापुरतं असतं. प्रोटीएज प्रोटीन तोडतं. पपेन हे कच्च्या पपईच्या चिकातून काढतात आणि ब्रोमेलेन अननसातून. दोन्ही प्रोटीएजच आहेत. लॅक्टेज दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज तोडतं. अमायलेज स्टार्च तोडतं, लायपेज स्निग्ध पदार्थ आणि अल्फा-गॅलॅक्टोसिडेज कडधान्यांतल्या गॅस करणाऱ्या साखरा. पपेन आणि ब्रोमेलेन सोडले तर पावडरमधली बहुतेक एन्झाइम्स अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीपासून तयार होतात.

आता साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटचा (दुधाच्या निवळीतून काढलेल्या प्रोटीनची कमी शुद्ध पावडर) ३० ग्रॅमचा स्कूप घ्या. त्यात साधारण २२ ते २४ ग्रॅम प्रोटीन, दीड-दोन ग्रॅम फॅट आणि एक ते अडीच ग्रॅम लॅक्टोज असतं. स्टार्च जवळपास नसतंच. मग त्यात घातलेल्या अमायलेजला काही कामच उरत नाही. ‘पाच एन्झाइम्सचं मिश्रण’ हे वाचायला भारदस्त वाटतं, पण त्यातली दोन-तीन त्या डब्यात निव्वळ शोभेला असतात.

माझ्या पोटाला प्रोटीन स्वतःहून पचवता येत नाही का?

येतं, आणि फार चांगलं येतं. जठरातलं आम्ल प्रोटीनच्या घड्या उलगडतं आणि पेप्सिन ते तोडायला सुरुवात करतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, इलॅस्टेज आणि कार्बॉक्सिपेप्टिडेज येतात. आतड्याच्या अस्तरावरची पेप्टिडेज उरलेलं काम करतात. प्रत्येक प्रोटीन सुट्ट्या अमिनो आम्लांपर्यंत तुटावं लागत नाही. दोन किंवा तीन अमिनो आम्लांचे तुकडेही आतडं थेट शोषून घेतं. दूध, व्हे आणि शिजवलेली अंडी यांतलं ९० टक्क्यांहून जास्त प्रोटीन निरोगी माणसाच्या शरीरात शोषलं जातं.

म्हणून ‘प्रोटीन अंगाला लागत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा पचनाची नसते. एकूण खाणं कमी पडतंय, झोप कमी आहे, व्यायामात वजन वाढत नाही, नाहीतर दिवसभराचं प्रोटीनच अपुरं आहे, यांपैकी काहीतरी असतं. आधी हिशेब करा. नियमित ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दिवसाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.४ ते २ ग्रॅम प्रोटीन पुरतं. ७५ किलोच्या पैलवानाला १.६ ग्रॅमच्या हिशेबाने १२० ग्रॅम झाले. पाव लिटर म्हशीच्या दुधात सुमारे ९ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २७ ते ३० ग्रॅम आणि ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये सुमारे २६ ग्रॅम असतात. खुराक नीट असेल तर डब्याचं काम एका स्कूपवर येतं, कधी तेवढंही लागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांनीही अंग कमावण्यासाठी प्रोटीन पावडरीवर अवलंबून राहू नका, असंच सांगितलंय.

प्रोटीएज घातलं की रक्तात अमिनो आम्लं जास्त येतात, असं जाहिरातीत सांगतात. ते खोटं आहे का?

सरसकट खोटं म्हणता येणार नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी पुरुषांना व्हेबरोबर प्रोटीएजचं मिश्रण दिलं होतं आणि रक्तातली अमिनो आम्लं वाढलेली दिसली होती. पण कोणाला काय दिलंय हे सगळ्यांना माहीत असलेला तो खुला अभ्यास होता. त्यात रक्त तपासलं होतं. स्नायू किंवा ताकद किती वाढली, हे मोजलं नव्हतं. रक्तात अमिनो आम्लं थोडी लवकर पोचली म्हणून मांडी जाड होत नाही. व्हे मुळातच वेगाने पचणारं प्रोटीन आहे. त्याचा वेग आणखी वाढवून काही हाती लागतं, असा भरवशाचा पुरावा नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: फक्त प्रोटीएजसाठी जास्त पैसे देऊ नका. तेवढ्या पैशांत डझनभर अंडी येतात आणि त्यांचा उपयोग नक्की होतो.

व्हे घेतलं की पोट फुगतं, गुडगुडतं, गॅस होतो. कारण कसं शोधायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक जण इथेच घाईने एन्झाइमची गोळी घेतात. कारण न शोधता घेतलेली गोळी लागली तर लागली. त्यापेक्षा आधी शेकमध्ये काय काय जातंय ते कागदावर लिहून काढा.

सुरुवात दुधापासून. पाव लिटर म्हशीच्या दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज आणि १६-१७ ग्रॅम फॅट असतं. वर कॉन्सन्ट्रेटचा एक स्कूप, म्हणजे आणखी दोन ग्रॅम लॅक्टोज. ज्यांच्या आतड्यात लॅक्टेज कमी आहे, त्यांच्यातलेही बहुतेक जण एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता सोसतात. याचा अर्थ सरळ आहे. पाण्यात ढवळलेल्या एका स्कूपमधलं दोन ग्रॅम लॅक्टोज क्वचितच त्रास देतं, पण अर्धा लिटर दुधात दोन स्कूप घातले की लॅक्टोज २८ ग्रॅमच्या आसपास जातं. दोष डब्यावर येतो, आणि खरं ओझं दुधाचं असतं.

त्रास कधी सुरू होतो, तेही बघा. पिता पिताच ढेकर येत असतील आणि छातीपाशी दाब वाटत असेल तर तुम्ही हवा गिळताय. शेकर जोरात हलवून फेसासकट घटाघटा प्यायलं की हे होतंच. दहा मिनिटं तसंच ठेवून फेस बसू द्या. अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगलं, गुडगुडलं आणि पातळ शौचाला झालं, तर संशय लॅक्टोजवर घ्या. गॅसला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर साधारणपणे एका वेळचं प्रोटीन जास्त झालंय. व्हेमध्ये गंधक असलेली अमिनो आम्लं भरपूर असतात आणि न पचता मोठ्या आतड्यात गेलेल्या भागावर जिवाणू काम करतात तेव्हा तो वास येतो. अशा वेळी ५०-६० ग्रॅमचा एक शेक मोडून २५-२५ ग्रॅमचे दोन करा, मध्ये तीन-चार तास जाऊ द्या.

मग घटकांची यादी वाचा. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांसारखी साखरेऐवजी वापरलेली गोडी, इन्युलिन, झँथन गम, ग्वार गम हे सगळे संवेदनशील पोटात गॅस करू शकतात, आणि यांपैकी कशावरही डब्यातलं प्रोटीएज किंवा लॅक्टेज काम करत नाही.

चाचणी अशी करा. पहिला आठवडा शेक पूर्ण बंद, बाकी खाणं नेहमीचं. त्रास तरीही राहिला तर शेक निर्दोष आहे, कारण जेवणात शोधा. त्रास थांबला तर पुढचे तीन दिवस अर्धा स्कूप, ३०० मिलिलिटर साध्या पाण्यात, सावकाश. ठीक गेलं तर तीन दिवस पूर्ण स्कूप, पाण्यातच. तेही ठीक असेल तर एक दिवस तोच स्कूप दुधात घ्या. इथे पोट बिघडलं तर उत्तर मिळालं. पाण्यातला पूर्ण स्कूपही त्रास देत असेल तर त्याच जातीचं पण स्वाद आणि गोडी नसलेलं, किंवा आयसोलेट (जास्त शुद्ध केलेली प्रोटीन पावडर) घेऊन बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दूध, ब्रँड आणि वेळ एकदम बदलली तर काहीच कळत नाही.

कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मला पचतं, मग शेकनेच त्रास का होतो?

ही खूण फार उपयोगी आहे. गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभं राहून अर्धा लिटर म्हशीचं दूध प्यायल्यावर तुम्हाला काही होत नसेल, तर त्यात तुम्ही सुमारे २४ ग्रॅम लॅक्टोज पचवलंय. मग स्कूपमधल्या दोन ग्रॅमने पोट बिघडेल हे पटण्यासारखं नाही. तुम्हाला लॅक्टेजची गरज नाही. गोडी, गम, फेस किंवा एका वेळचं प्रमाण यांकडे बघा.

धारोष्ण दुधात लॅक्टेज असतं आणि उकळल्यावर ते मरतं, असा एक समज आहे. न तापवलेल्या दुधातही लॅक्टेज नसतं. लॅक्टोज दोन्हींत तेवढंच असतं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार येऊ शकतात. उकळल्याने प्रोटीन कमी होत नाही. महिनाभर तयारी करून ऐन मोसमात ताप काढण्यापेक्षा दूध उकळून पिणं केव्हाही शहाणपणाचं.

दूध खरंच पचत नसेल तर लॅक्टेज किती घ्यायचं आणि केव्हा?

सगळ्या एन्झाइम्समध्ये ज्याचा उपयोग ठामपणे सांगता येतो ते हेच. भारतात मोठ्या वयात लॅक्टेज कमी होणं सर्रास आढळतं. तो आजार नाही. युरोपातल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने लॅक्टेजचा दावा मान्य करताना लॅक्टोज असलेल्या प्रत्येक खाण्याबरोबर किमान ४५०० एफसीसी युनिट्स (लॅक्टेजची ताकद मोजायचं एकक) अशी अट घातलीय. बाजारातल्या गोळ्या साधारण ३००० ते ९००० युनिट्सच्या असतात. एका ग्लास दुधातल्या शेकसाठी ४५०० पासून सुरुवात करा. त्रास राहिला तर ९००० करून बघा.

वेळ महत्त्वाची. गोळी पहिल्या घोटाबरोबर घ्यायची. पोट फुगल्यावर तासाभराने घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही, कारण तोवर लॅक्टोज पुढे निघून गेलेलं असतं. शेक अर्धा-पाऊण तास घोटघोट पीत असाल तर मध्ये दुसरी गोळी लागू शकते.

दुसरा मार्ग थेंबांचा. दुधात घालायचं लॅक्टेज यीस्टपासून बनवतात आणि ते दुधाच्या जवळपास उदासीन पीएचला काम करतं. दूध उकळा, पूर्ण थंड करा, मग बाटलीवर दिलेल्या प्रमाणात थेंब घाला आणि फ्रीजमध्ये २४ तास ठेवा. दूध थोडं गोड लागलं की समजा काम झालं, कारण लॅक्टोजपासून तयार होणारं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज जास्त गोड असतात. गरम दुधात थेंब घातले तर एन्झाइम मरतं आणि पैसे बुडतात. ही चूक सगळ्यांत जास्त होते.

खर्च वाचवायचा असेल तर लॅक्टेजशिवायही मार्ग आहेत. दुधाऐवजी पाण्यात शेक घ्या. आयसोलेट वापरा, त्यात लॅक्टोज एक टक्क्याहून कमी, म्हणजे स्कूपमागे ०.३ ग्रॅमच्या आत असतं. किंवा दही-ताक घ्या. विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच खातात आणि त्यांचं स्वतःचं लॅक्टेज आपल्या आतड्यातही काम करतं, म्हणून दूध न सोसणाऱ्यालाही दही बऱ्याचदा सोसतं.

एक भेद कायम लक्षात ठेवा. दुधाने अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा धाप लागत असेल तर ती दुधाच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे लॅक्टेज निरुपयोगी आहे आणि व्हे धोकादायक.

लेबलवर ‘एन्झाइम ब्लेंड ५० मिलिग्रॅम’ लिहिलंय. हे पुरेसं आहे का?

मिलिग्रॅमवरून काहीच कळत नाही. एन्झाइमची ताकद युनिट्समध्ये मोजतात: लॅक्टेज एफसीसी युनिट्समध्ये (काही ठिकाणी एएलयू लिहितात), प्रोटीएज बहुधा एचयूटीमध्ये, ब्रोमेलेन जीडीयूमध्ये. या युनिट्सची एकमेकांशी तुलना होत नाही.

उदाहरण करून बघू. लॅक्टेजचा कच्चा माल बाजारात साधारण एक लाख युनिट्स प्रति ग्रॅम या ताकदीचा मिळतो. ५० मिलिग्रॅमच्या मिश्रणात पाच एन्झाइम्स समान असली तर लॅक्टेज १० मिलिग्रॅम, म्हणजे १००० युनिट्स. गरज ४५०० ची, तुम्हाला मिळालं त्याच्या पाव भागाहूनही कमी. आणि मिश्रणात ते समानच आहे याचीही खात्री नाही. स्वस्तातलं एन्झाइम जास्त घालून यादी पूर्ण करता येते. युनिट्स छापलेले नसतील तर त्या एन्झाइमची किंमत शून्य धरा आणि फक्त प्रोटीनच्या भावाने डबा तोला.

तुलनेसाठी सोपं गणित: डब्याची किंमत भागिले डब्यातलं एकूण प्रोटीन. एक किलोच्या डब्यात ३३ स्कूप आणि प्रत्येकात २४ ग्रॅम प्रोटीन असेल तर एकूण ७९२ ग्रॅम. २४०० रुपयांचा डबा असेल तर ग्रॅममागे तीन रुपये पडले. एन्झाइमवाला डबा याच हिशेबात महाग पडत असेल आणि युनिट्स लिहिलेले नसतील, तर तो घेण्यात अर्थ नाही.

शेक बनवून ठेवला तर कडू का लागतो? गरम दुधात चालतो का?

पपईचा मिल्कशेक करून तासभर ठेवला की तो कडू होतो, हे घरोघरी माहीत आहे. पपेन दुधातलं प्रोटीन तोडतं आणि तयार होणारे काही तुकडे चवीला कडू असतात. प्रोटीएज असलेली पावडर दुधात ढवळून बॅगेत ठेवली आणि तालीम संपल्यावर प्यायली तर तेच घडतं. विषारी काही होत नाही, पण चव जाते. कोरडी पावडर शेकरमध्ये न्या आणि पिण्याच्या वेळीच पाणी घाला. तयार शेक उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त बाहेर राहिला तर टाकून द्या. तिथे प्रश्न एन्झाइमचा नसून जिवाणूंचा आहे.

गरम दुधाचं म्हणाल तर बहुतेक एन्झाइम्स ५५-६० अंश सेल्सिअसच्या पुढे निकामी होतात. पपेन थोडी जास्त उष्णता सोसतं. ७० अंशांच्या आसपास व्हे स्वतःच गोळा होऊन त्याच्या गुठळ्या बनतात. प्रोटीन वाया जात नाही, फक्त प्यायला नको वाटतं. बोट सहज बुडवता येईल इतपत कोमट दूध ठीक.

पाच-सहा कच्ची अंडी फोडून पितो, बरोबर एन्झाइम घेतलं तर जास्त लागतील का?

अंडी शिजवा, एन्झाइम लागणार नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रोटीन पचलं, कच्च्या अंड्यातलं सुमारे ५१ टक्केच. कच्च्या पांढऱ्या बलकात ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात आणि प्रोटीनच्या घड्याही घट्ट असतात. सहा अंड्यांतल्या ३६ ग्रॅममधून कच्ची प्यायल्यावर जेमतेम १८ ग्रॅम हाती येतात. तीच उकडून खाल्ली तर ३२-३३. दहा मिनिटांच्या गॅसने जे साधतं ते कुठल्याही गोळीने साधत नाही. शिवाय साल्मोनेलाचा धोका टळतो.

थंडाईबद्दलही विचारतात. बदाम भिजवून, सोलून, कुंडीत बारीक घोटले की ते जास्त चांगले पचतात, कारण पेशींच्या भिंती फुटतात. जुन्या वस्तादांची ही रीत अगदी बरोबर आहे. पण थंडाई पिऊन जड वाटत असेल तर बदामातलं आणि वर घातलेल्या तुपातलं फॅट त्याला कारण आहे. फॅटमुळे जठर सावकाश रिकामं होतं. थंडाई आणि व्हे एकत्र करू नका, दोन वेगळ्या वेळा ठेवा.

मास गेनरने पोट बिघडतं. त्यात एन्झाइम असलेलं घेऊ का?

प्रमाण अर्धं करा. अनेक गेनरच्या (वजन वाढवायच्या पावडरीच्या) एका सर्व्हिंगमध्ये ६० ते १०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त कर्बोदकं असतात, मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन. ती एकदम आतड्यात आली की पाणी ओढतात आणि जुलाब होतात. व्हेचा एक स्कूप, दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे यांत तेच मिळतं, स्वस्तात.

मटार किंवा सोया प्रोटीनने गॅस होतो, त्यावर काही?

पिठाच्या जवळच्या, कमी शुद्ध पावडरमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा उरतात. माणसाच्या आतड्यात त्या तोडणारं एन्झाइमच नसतं, त्यामुळे इथे अल्फा-गॅलॅक्टोसिडेजला खरं काम आहे. पहिल्या घोटाबरोबर घ्या. आयसोलेटमध्ये या साखरा फारच थोड्या असतात, म्हणून आधी ते वापरून बघा. सोया चंक्स असतील तर गरम पाण्यात भिजवून, पिळून, ते पाणी ओतून द्या. बऱ्याच जणांचा गॅस तेवढ्यानेच कमी होतो.

मेडिकलमध्ये मिळणारं पाचक सिरप शेकनंतर घेतलं तर?

त्यातल्या बहुतेकांत डायस्टेज आणि पेप्सिन असतं. डायस्टेज स्टार्चवर काम करतं, भात-भाकरीवर. लॅक्टोजवर ते काहीही करत नाही. पेप्सिन तुमच्या जठरात आधीच पुरेसं आहे. लग्नाच्या पंगतीनंतर बरं वाटत असेल, पण दूध न पचण्यावर तो इलाज नाही. रोज सिरप घ्यावं लागत असेल तर खुराकात काहीतरी चुकतंय.

कुस्तीच्या किंवा सामन्याच्या दिवशी एन्झाइमवाला शेक घ्यावा का?

नवीन असेल तर अजिबात नको. मॅटवरच्या स्पर्धेत वजन झाल्यावर कुस्तीला कधी दोनच तास मिळतात. वजन उतरवून आलेल्या पोटात आधी पाणी, मीठ-साखर आणि हलकी कर्बोदकं गेली पाहिजेत. खासबागेत रात्रीच्या मैदानाला उतरणार असाल तर शेवटचं भरपेट जेवण तीन-चार तास आधी संपवा. कडक मेहनतीत रक्त स्नायूंकडे वळतं आणि आतड्याचा पुरवठा कमी होतो, म्हणून शेवटची डाव-पकड संपल्याबरोबर धापा टाकत शेक ओतू नका. २०-३० मिनिटं थांबल्याने काहीही बिघडत नाही; प्रोटीनचा उपयोग पुढे कित्येक तास होत राहतो. फुटबॉलवाल्यांनाही हेच लागू. मध्यंतरात प्रोटीन शेक नको.

डोपिंग चाचणीत एन्झाइममुळे अडकायला होतं का?

लॅक्टेज, पपेन, ब्रोमेलेन, पेप्सिन यांपैकी काहीही प्रतिबंधित यादीत नाही. भीती आहे ती डब्यात न सांगता आलेल्या उत्तेजकांची किंवा स्टेरॉइडची. ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर नाडासमोर (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेसमोर) चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळत असाल तर प्रत्येक बॅचची स्वतंत्र तपासणी झालेलं उत्पादनच घ्या, त्या बॅचचा क्रमांक प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून बघा आणि डब्याचा, बिलाचा फोटो ठेवा. सुट्टी, पिशवीत भरून दिलेली पावडर कितीही ओळखीच्या माणसाने दिली तरी नको. लेबलवर एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक आणि औषधी वापरासाठी नाही अशी सूचना असली पाहिजे.

मी शाकाहारी आहे. एन्झाइम कशापासून आलं ते कसं कळेल?

पॅनक्रिएटिन आणि बहुतेक पेप्सिन डुकराच्या अवयवांपासून मिळतं. पपेन, ब्रोमेलेन वनस्पतींपासून, तर बुरशीपासूनचं लॅक्टेज आणि प्रोटीएज शाकाहारात बसतं. डब्यावर हिरव्या चौकोनातलं हिरवं वर्तुळ बघा; मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण असतो. गोळीचं वेष्टण जिलेटिनचं असेल तर तेही शाकाहारी नाही.

कोणी एन्झाइम घेऊ नये, आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पपेन आणि ब्रोमेलेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लॅटेक्स, पपई किंवा अननसाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही टाळावं. जठरात व्रण असेल तर प्रोटीएजच्या गोळ्यांपासून लांब राहा.

शौचाला तेलकट, तरंगणारं आणि उग्र वासाचं होत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब होत असतील, तर डबे बदलत बसू नका. स्वादुपिंडाचा रस कमी पडणं, सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा विकार), आतड्याचा दाह अशी कारणं तपासावी लागतात. स्वादुपिंडाच्या आजारात दिली जाणारी एन्झाइम्स हे चिठ्ठीवरचं औषध आहे. त्याचा डोस प्रत्येक जेवणाला हजारो लायपेज युनिट्सचा असतो आणि पावडरमधल्या मिश्रणाशी त्याची तुलनाच होत नाही. लॅक्टोजबद्दल पक्कं जाणून घ्यायचं असेल तर श्वासातल्या हायड्रोजनची चाचणी होते. त्यासाठी पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञांकडे विचारणा करा.

पावसाळ्यात डबा कसा ठेवायचा?

जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा एवढी दमट असते की उघडा राहिलेला डबा आठवड्यात गुठळ्या धरतो. ओलाव्याने एन्झाइमची ताकद उतरते, आणि प्रोटीएज असलेली पावडर ओलसर झाली तर डब्यातच प्रोटीन तोडायला लागते. मग चव कडवट होते. डबा फ्रीजमध्ये ठेवू नका, कारण बाहेर काढून उघडला की आत दव धरतं. ओट्यापासून, गॅसपासून लांब, फडताळात ठेवा. स्कूप ओल्या हाताने धरू नका आणि आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका. पाच किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून घेतली असेल तर तीन आठवड्यांपुरती पावडर छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात काढा, बाकीची पिशवी हवा काढून बंद करा आणि पुन्हा तीन आठवड्यांनीच उघडा. हलक्या गुठळ्या चमच्याने फुटत असतील तर पावडर चालेल. रंग बदलला, आंबट किंवा कुबट वास आला तर टाकून द्यायची.